अकरा वाव दोरी

वाळूचा माणूस खाली आदळला तेव्हा हॉलमधले एकोणीस बाप्ये एकदम गप्प झाले. मी हात वर केला. "परत पाडता येईल का?"

शिकवणारी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "परत?"

"हो. आत्ता माझं लक्ष माणसाकडे होतं. मला दोरी बघायची होती."

मागच्या रांगेतून ग्वाक खिदळला. "वहिनी, तो वाळूचा आहे म्हणून बरं. नाहीतर तुमच्या हौसेपायी बिचाऱ्याला दिवसभर मरावं लागलं असतं."

"तू गप्प बस. वाळू संपली की तुलाच टांगायला सांगते."

सगळे हसले. मुलीने मात्र खरोखरच यंत्राची कळ दाबून त्या माणसाला पुन्हा वर चढवला. ऐंशी किलो वाळू, अंगात निळा डगला, डोक्यावर हेल्मेट, आणि कुणीतरी पेनने काढलेल्या जाड भुवया. दुसऱ्या खेपेला मी त्याच्याकडे बघितलंच नाही. दोरी आधी ताणली, क्षणभर बोटाएवढीच बारीक झाली, मग झटका बसला आणि वरचा लोखंडी खांब कण्हला.

"ती बारीक झाली."

"ताण आला की होते."

"मग परत जाड होते?"

"होते. पण पहिल्याइतकी नाही."

"म्हणजे तिच्या लक्षात राहतं."

मुलगी हसली. सो-दाम तिचं नाव. तिशीची असेल, आधी डोंगर चढायची, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. "हो आई, तिच्या लक्षात राहतं."

"मी तुझी आई नाही. मला एकच पोरगा आहे आणि तो तिथे खिडकीपाशी जांभया देतोय. माझं नाव दोक-सुन. नुसतं बाई म्हण."

खिडकीपाशी बसलेल्या इन-सोपने जांभई गिळली.

आम्ही काचा पुसणारी माणसं. बुसानमध्ये समुद्राकडे तोंड केलेले जेवढे म्हणून उंच मनोरे आहेत, त्यांच्या काचांवर हिवाळाभर मीठ बसतं आणि मार्च लागला की आमचा हंगाम सुरू होतो. इन-सोप आणि ग्वाक पाटावर बसून गच्चीवरून खाली सुटतात, एका दोरीवर पाट, दुसरी दोरी जिवासाठी. मी वर गच्चीत असते. दोऱ्या बांधायच्या, कठड्यावर जिथे दोरी घासते तिथे जुन्या गालिच्याची गादी सरकवायची, वाऱ्याकडे बघायचं, आणि खालून आवाज आला की दुप्पट मोठ्याने ओरडायचं. एकोणीस वर्षं हेच करतेय. यंदा नवा नियम आला, की दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने दोन दिवसांचं शिक्षण घ्यायचं, वर उभ्या राहणाऱ्या बाईनेसुद्धा. सोमवारी आमचं एकतीस मजल्यांचं काम होतं आणि तिथल्या ऑफिसातल्या बाईने सांगितलं होतं, शिक्का मारलेला कागद दाखवल्याशिवाय गच्चीची किल्ली मिळणार नाही.

"आई, तू फक्त बस आणि मान हलव," इन-सोप गाडीत म्हणाला होता. मी चौथीत शाळा सोडली. माझं अक्षर कोंबडी चिखलातून गेल्यासारखं आहे. पण कशासाठी ते कळल्याशिवाय मी आजवर कुणापुढे मान हलवलेली नाही.

तर त्या दिवशी सकाळपासून मी विचारतच होते. गाठ मारली की दोरीचं बळ किती कमी होतं? ओली दोरी वाईट की बरी? बाप्ये आधी वैतागले, मग कंटाळले, आणि जेवायच्या आधी तर स्वतःचे प्रश्न माझ्या कानात सांगायला लागले. त्यांना विचारायची लाज वाटत होती. मला कसली लाज?

दुपारी सो-दामने फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. दोरी का तुटते?

"दारू," कुणीतरी म्हणालं.

"नशीब."

"बायकोशी भांडण," ग्वाक म्हणाला. "त्या दिवशी गाठ सैल बसते. माझा अनुभव आहे."

"तुझी बायको तुझ्याशी बोलते तरी का?" मी म्हटलं.

सो-दामने चार तुकडे आणले आणि हातोहात फिरवायला दिले. पहिला कडेवर घासून तुटलेला. एका बाजूचे धागे वस्तऱ्याने कापल्यासारखे सपाट. दुसरा घर्षणाने वितळलेला, टोक कडक आणि चकचकीत. तिसरा नुसता म्हातारा, उन्हाने पिवळा पडलेला. चौथा माझ्या हातात आला तो पांढराशुभ्र. नुकत्याच वाळत घातलेल्या शेवयांसारखा.

"ही तर नवी आहे," मी म्हटलं.

"नवी दिसते. टोक चोळून बघा."

मी चोळलं. बोटांवर पीठ आलं.

"एका घरातली माणसं ही दोरी दर वर्षी ब्लीचमध्ये भिजवायची," सो-दाम म्हणाली. "स्वच्छ राहावी म्हणून. नायलॉनला ब्लीच आतून खातं. बाहेरून काही दिसत नाही. उलट जितकी पांढरी, तितकी मेलेली."

तिने तसलाच लांब तुकडा ओढायच्या यंत्राला लावला. काटा सरकत गेला. त्या जाडीची नवी दोरी साडेचार टन ओढते म्हणे. ही दीड टनाला गेली, आणि तुटताना आवाजही मोठा झाला नाही. वाळलेली काटकी मोडावी तसा.

ग्वाक माझ्याकडे बघत होता. इन-सोपची जांभई कुठल्या कुठे गेली होती.

कारण आमच्या भागात दोऱ्या धुण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. फेब्रुवारी संपला की गच्चीवर लाल रबरी टब मांडते, ज्यात हिवाळ्यात कोबी खारवते तोच, त्यात दोऱ्या टाकते, बाटलीभर ब्लीच ओतते आणि पायांनी तुडवते. इतरांच्या दोऱ्या उंदराच्या शेपटीसारख्या दिसतात. आमच्या दोऱ्या भिंतीवरून सुटल्या की खालून जाणाऱ्या बाया म्हणतात, बघा, दोक-सुनची माणसं आली. माणसाची किंमत त्याच्या दोरीवरून कळते असं मी सगळ्यांना ऐकवलेलं आहे. आता बरीच वर्षं त्या पूर्वीइतक्या शुभ्र निघत नाहीत, सायीच्या रंगावर थांबतात, आणि वाळल्यावर खळ दिल्यासारख्या कडक होतात. दर वर्षी मी ब्लीचवाल्यांना शिव्या घालते.

त्या दुपारी पुढे मी एकही प्रश्न विचारला नाही. सो-दामने दोनदा माझ्याकडे बघितलं.

परत येताना गाडीत इन-सोप म्हणाला, "आई, सगळ्या दोऱ्या टाकून देऊ. नव्या आणू."

"उद्या आपली एक घेऊन जाऊ. यंत्राला लावू."

"लावून काय करायचं? तिनं सांगितलं ना?"

"तिनं तिच्या दोरीचं सांगितलं. मला माझ्या दोरीचं बघायचंय."

मला दोन गोष्टी कळायला हव्या होत्या. सोमवारी माझा पोरगा ज्या दोरीवर बसणार, ती त्याला धरेल का, ही एक. दुसरी मी त्याला सांगितली नाही.

इन-सोप सोळा वर्षांचा होता तेव्हा माझे यजमान, चांग-ग्यू, चौथ्या मजल्याच्या उंचीवरून पडले. पंधरा मजल्यांची इमारत. त्या वेळी दुसरी दोरी कुणी लावत नसे. खाली झुडपं होती म्हणून वाचले, पण खुबा मोडला तो मोडलाच. तेव्हापासून ते घरी असतात. भात-रस्सा करतात, गच्चीवर थर्मोकोलच्या खोक्यांत मिरच्या लावतात. आणि मी त्यांच्या जागी गच्चीवर उभी राहायला लागले, कारण डोळे असलेलं कुणीतरी वर हवं होतं.

ते का पडले हे सगळ्यांना माहीत होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी, अंगात आदल्या दिवसाची दारू असताना, ते कठड्यावर गादी लावायला विसरले. दोरी कडेवर घासली. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, इस्पितळात, ऑफिसच्या माणसांना आणि मला. मग मी ते विसरू दिलं नाही. रश्शात मीठ राहिलं की मी म्हणायची, "मीठच विसरलात ना, गादी नाही, नशीब आपलं." किल्ली विसरली की गादी. गॅस चालू राहिला की गादी. पाहुण्यांसमोर, सुनेसमोर, देवाला नैवेद्य मांडतानासुद्धा. ते हसायचे. एकोणीस वर्षं ते नुसते हसले.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मी सरळ गच्चीवर गेले. आमच्या टेकडीवरच्या सगळ्या घरांच्या गच्चीवर निळी पाण्याची टाकी असते, तशी आमचीही आहे, आणि त्या टाकीपासून जिन्याच्या दारापर्यंत जाऊन परत टाकीला बांधलेली कपड्यांची दोरी आहे. ती तीच दोरी. यजमान पडले तेव्हा वर गच्चीत जेवढी राहिली तेवढी ग्वाकने गुंडाळून घरी आणून टाकली होती. इस्पितळातून आल्यावर यजमानांनी सगळ्यात आधी ती मागितली. तिचं तुटलेलं टोक बोटांत धरून कितीतरी वेळ बसले होते. मला वाटलं, नशिबाला बोल लावत असतील. मग त्यांनी ती कपडे वाळत घालायला बांधली. मी म्हटलं, "अपशकुनी आहे, फेकून द्या." ते म्हणाले, "काचा धुवायला दोरी, कपडे वाळवायलाही दोरीच. राहू दे."

टोक मी चोळलं. पीठ आलं. पण एकोणीस उन्हाळे त्याने खाल्ले होते, उन्हानेही पीठ होतं, हे मी दुपारीच शिकले होते. ते टोक कुणाच्याही बाजूने साक्ष देऊ शकत नव्हतं.

मग मी दोरी सोडली आणि मोजायला लागले. दोन्ही हात पसरून एक वाव. गच्चीवर मी रोज अशीच मोजते, त्यात काही विशेष नव्हतं. एक, दोन, तीन. त्या इमारतीची गच्ची मला माहीत आहे, पुढेही तिथे काम केलंय. जिथे दोरी बांधतात त्या खांबापासून कठडा तीन वावांवर आहे. कडेवर घासून तुटली असती तर वर तीन वाव राहिली असती. गाठीची धरली तर साडेतीन.

माझे हात मोजत राहिले. अकरा.

मी पुन्हा मोजली. अकरा वाव. एकोणीस वर्षं मी तिच्यावर चादरी घातल्या, पोराचे शर्ट घातले, सुनेचे कपडे घातले, आणि ती इतकी लांब का, हा एक प्रश्न मला पडला नव्हता. कठड्यापासून आठ वाव खाली, जिथे दोरीला लागायला हवेशिवाय काही नाही, तिथे ती तुटली होती.

"काय करताय?" जिन्यातून यजमानांचा आवाज आला.

"कपडे काढतेय."

"कपडे तर मी दुपारीच काढले."

"मग दोरी झटकतेय. तुम्हाला काय त्याचं? रश्शाकडे बघा."

दुसऱ्या दिवशी इन-सोपने आमची सगळ्यात जुनी दोरी गाडीत टाकली. सहा हंगाम वापरलेली, सहा वेळा माझ्या पायांखाली तुडवलेली. मी सो-दामला बाजूला घेतलं.

"हिला ओढ."

"बाई, ही चांगली दोरी आहे. तोडली की गेली."

"ते मला कळतं. ओढ."

मग मीच सगळ्यांसमोर म्हटलं, कारण लपवून ठेवलेल्या गोष्टीची चर्चा मागून जास्त होते. "ही दोरी मी दर वर्षी बाटलीभर ब्लीचमध्ये धुते. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. काटा एका टनावरून गेला. दीडवरून गेला. दोन. इन-सोप माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. तीन. दोरी बारीक होत गेली, तिच्यातून करकर आवाज निघायला लागला. चार टनांना अगदी थोडं कमी असताना ती तुटली, बंदुकीसारखी, आणि मी जागच्या जागी उडाले.

सो-दामने तुटलेलं टोक उचललं, चोळलं, वास घेतला. पीठ नाही.

"यंत्र बिघडलंय का?" मी विचारलं.

तिने आमच्या दोरीचा दुसरा तुकडा लावला. तेवढ्यालाच तुटला. मग कालच्या ब्लीचवाल्या दोरीचा उरलेला तुकडा लावला. तो दीड टनाला गेला, मुकाट्याने.

"बाई, तुम्ही नक्की ब्लीच घालता?"

"बाटलीभर. वास येतो ना, डोळ्यांत पाणी... नाही, आजकाल डोळ्यांत पाणी येत नाही. पूर्वी यायचं."

"किती वर्षांपूर्वी?"

मी बोटांवर मोजायला लागले.

"सहा वर्षं ब्लीच खाल्लेली दोरी चार टन ओढूच शकत नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासारखीच उत्सुकता होती, आणि ती मला पहिल्यांदाच आवडली. "कारण कळलं तर मला सांगाल? खरंच. मला वर्गात सांगायला होईल."

"कळलं तर बघू," मी म्हटलं.

जेवायच्या सुट्टीत हॉलमागच्या खानावळीत आम्ही डुकराच्या मटणाचा रस्सा आणि भात घेऊन बसलो. इन-सोप फोनवर बोलायला बाहेर गेला तसं मी ग्वाकला धरलं.

"त्या दिवशी कठड्यावर गादी होती का?"

कुठला दिवस, असं त्याने विचारलं नाही. त्याचा चमचा रश्शातच थांबला.

"वहिनी, जेवू द्या ना."

"होती की नव्हती?"

"एकोणीस वर्षं झाली."

"तुझ्या लग्नालाही तेवढीच झाली. ते आठवतं ना?"

त्याने चमचा ठेवला. "होती. निळी. तुमच्या बैठकीत पूर्वी गालिचा होता ना, त्याचीच. मीच गुंडाळून आणली खाली. दोरीखाली अगदी बरोबर बसलेली होती."

"मग तू सगळ्यांना काय सांगितलंस?"

"दादा स्ट्रेचरवर होता. माझी कॉलर धरली त्यानं. म्हणाला, गादी नव्हती म्हण. मी म्हटलं, दादा, आहे की. म्हणाला, नव्हती म्हण, आणि वहिनीलाही तेच सांग."

"आणि तू का ते विचारलं नाहीस?"

"मला तुमच्यासारखे प्रश्न पडत नाहीत, वहिनी," ग्वाक म्हणाला. "म्हणून मला झोप चांगली लागते." मग माझ्याकडे बघून, "रागावलात?"

"जेव. गार होतंय."

संध्याकाळी परीक्षा झाली. वीस प्रश्न, मला अठरा आले. इन-सोपला सोळा, आणि हे मी गाडीत त्याला तीनदा ऐकवलं. शिक्क्याचा कागद मिळाला. सो-दामने प्रत्येकाला कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा दिला. आता दर दोरीची जन्मपत्रिका ठेवायची. कधी घेतली, कशाने धुतली, आणि निकामी झाली तर कुठे आणि कशाने. निकामी दोरी हाताएवढ्या तुकड्यांत कापायची, म्हणजे कुणी चुकूनही तिच्यावर जीव टांगणार नाही.

रविवारी मी नेहमीसारखा गच्चीवर लाल टब मांडला. दोऱ्या टाकल्या, नळ सोडला. यजमान मिरच्यांच्या रोपांपाशी खोक्यावर बसले होते.

"अहो, ब्लीच आणा."

ते उठले. खुब्यावर हात ठेवून, एकेक पायरी. बाटली नेहमी तेच आणतात. इस्पितळातून आल्यापासून. एवढ्या कामाचा तरी उपयोग, असं मी म्हणत आले होते.

मी वीस आकडे मोजले, चपला काढल्या आणि मोज्यांवर मागून खाली गेले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं.

तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात होतं, दाट, पांढरं. ते नरसाळ्यातून ब्लीचच्या रिकाम्या बाटलीत ओतत होते. हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडता, सुगरण बाईसारखे. बाटली भरली. मग त्यांनी मोरीखालून एक छोटी औषधाची बाटली काढली, तिच्यातलं झाकणभर खरं ब्लीच मोठ्या बाटलीत घातलं, झाकण लावून हलवलं, उघडून वास घेतला. वास पुरेसा आला असावा. फडक्याने बाटली बाहेरून पुसली.

मी त्यांच्या आधी वर पोचले. मोजे काढून पाय टबात घातले.

ते आले. मी बाटली घेतली, ओतली, तुडवायला लागले. पाणी दुधासारखं झालं. दर वर्षी होतं तसंच. मी एकोणीस वर्षं बघत होते आणि मला वाटत होतं, मळ निघतोय.

"आजकालच्या ब्लीचला दम राहिला नाही," मी म्हटलं.

"हो ना," ते मिरच्यांकडे बघत म्हणाले. "कंपन्या पाणी घालतात."

हे आम्ही दर वर्षी बोलतो. शब्दन् शब्द तेच. मी तुडवत राहिले. एकदा मला त्यांना विचारावंसं वाटलं, की स्ट्रेचरवर असतानाच कळलं होतं का, आणि घरी टोक बोटांत धरून बसला होतात ते खात्री करायला का? मग सांगितलं का नाही? पण उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतं तर मी आधी भांडले असते. मग दोऱ्यांना हात लावायला घाबरले असते. मग गच्चीवर उभी राहिले नसते, आणि पोराला वर कुणी उरलं नसतं. असंही असेल की त्यांना यातलं काही सुचलं नसेल, आणि फक्त माझा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल. सगळे प्रश्न विचारायचे नसतात असं मी म्हणणार नाही. हा मी त्या दिवशी विचारला नाही, एवढंच.

"पुढल्या वर्षी ब्लीच नको," मी म्हटलं. "त्या पोरीनं शिकवलंय. साध्या पाण्यानं धुवायच्या. फार तर थोडा साबण."

त्यांनी मिरचीचं एक पिवळं पान खुडलं आणि बोटांत फिरवत राहिले.

दोऱ्या कठड्यावर वाळत टाकल्यावर मी कपड्यांची दोरी सोडली. टाकीपाशी बसून ती मोठ्या कात्रीने कापली. हाताएवढा तुकडा, मग दुसरा. यजमान बघत होते पण का म्हणून विचारलं नाही. सगळे तुकडे झाल्यावर मी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि मांडीवर ठेवून लिहिलं. वेळ लागला. पेन दोनदा अडलं.

गच्चीवरच, जिन्याच्या तोंडाशी, आमची दोऱ्यांची खोली आहे. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळा आहे, तिथे सगळ्या दोऱ्यांची कार्डं लावायची ठरली होती. सोमवारी सकाळी सहा वाजता इन-सोप आणि ग्वाक दोऱ्या न्यायला तिथे येणार होते. मी ते कार्ड सगळ्यांच्या वर लावलं. कोंबडीच्या पायांचं अक्षर, पण लांबून वाचता येईल एवढं मोठं काढलं होतं.

पांढरी नायलॉन दोरी. धुलाई: ब्लीच, दर वर्षी. धुणारी: दोक-सुन. तुटली: कठड्यापासून आठ वाव खाली. गादी: होती.

यजमान तुकडे गोळा करून खाली निघाले होते. मिरच्यांच्या काठ्यांना बांधायला होतील, म्हणाले. दारापाशी आल्यावर त्यांची नजर कार्डावर गेली. त्यांना वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा स्वयंपाकघरात होता, म्हणून ते पुढे झुकले. तुकड्यांचा भारा एका काखेत, दुसरा हात दाराच्या चौकटीवर. त्यांनी किती वेळ वाचलं ते मला सांगता येणार नाही, कारण मी टब उपडा करायला वळले होते. पाणी गच्चीभर पसरून नळीकडे गेलं.

"उद्या कपडे कुठे वाळत घालायचे?" त्यांनी विचारलं.

"इन-सोप नवी दोरी आणेल."

"बरं."

कार्ड खिळ्यावर जरा तिरकं बसलं होतं. त्यांनी बोटाने ते सरळ केलं आणि जिना उतरायला लागले. भाताची वेळ झाली होती.

"रश्शात मीठ घाला," मी मागून ओरडले.

ते एका पायरीवर थांबले. त्या वाक्याच्या मागून नेहमी दुसरं यायचं, त्याची त्यांना सवय होती. ते उभे राहिले, पाठमोरे, काखेत दोरीचे तुकडे धरून. मी काही बोलले नाही. मग ते उतरले.